एकशे पस्तीसची वेस

कामरगावच्या शिवारात, तुरीच्या शेवटच्या तासापलीकडे, एक काळवीट उभा आहे असं समजू. कामरगाव वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातलं. याच तालुक्यात कारंजा-सोहोळ हे काळविटांसाठी राखलेलं सुमारे १८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य आहे, तेव्हा उदाहरण फार लांबून आणलेलं नाही. काळविटाची खांद्यापाशी उंची साधारण ८० सेंटिमीटर. आपण धुऱ्यावर, त्याच्यापासून पन्नास मीटरवर. हातात १९५०-६०च्या काळातला रेंजफाइंडर कॅमेरा, त्याला १३५ मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स. त्या जातीच्या कॅमेऱ्यावर नेहमीच्या वापरात असलेली ही सर्वांत लांब लेन्स. श्वास रोखून बटण दाबलं, तर फिल्मवर काळवीट केवढा उमटेल?

हिशेब सोपा आहे. लेन्सच्या नाभीय अंतराला प्राण्याच्या उंचीने गुणायचं आणि तो किती दूर आहे त्या अंतराने भागायचं. १३५ गुणिले ८००, भागिले ५०,०००. उत्तर येतं २.१६ मिलिमीटर. ३५ मिमी फिल्मची चौकट २४ मिमी उंच असते. म्हणजे तो देखणा प्राणी चौकटीच्या अकराव्या हिश्श्यात मावला. बाकी सगळी तूर आणि आभाळ.

टेलिफोटो म्हटलं की आज डोळ्यांपुढे वाघ, गरुड आणि क्रिकेटचं मैदान येतं. त्या अपेक्षेने जुनी १३५ची लेन्स हातात घेणाऱ्याची निराशा ठरलेली. पण तोच कॅमेरा घेऊन पोळ्याच्या दिवशी गावात या. तोरणाखाली बैलजोड्या उभ्या आहेत, झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायची पदं, रंगल्या आहेत. झडती म्हणणारा माणूस आपल्यापासून चार मीटरवर आहे. या अंतरावर १३५च्या चौकटीत सुमारे ७० सेंटिमीटर बाय एक मीटर एवढा भाग येतो. कॅमेरा उभा धरला तर फेटा, चेहरा, छातीपर्यंतचा माणूस. आडवा धरला तर बैलाचं तोंड, त्याचं बाशिंग आणि शिंगांचं बेगड. माणसाच्या अंगावर न जाता, त्याच्या झडतीत खंड न पाडता, त्याचा चेहरा पूर्ण चौकटभर मिळतो. ही लेन्स घडवली गेली ती या कामासाठी. तिची खरी हद्द तीन मीटरपासून फार तर वीस-पंचवीस मीटरपर्यंत.

मग पुढे का नाही गेले? जर्मन, जपानी, रशियन अशा जवळपास सगळ्या कारखान्यांनी रेंजफाइंडरला जोडलेल्या लेन्सची मालिका १३५वर थांबवली. लायकाच्या एम मालिकेत १९९८ साली आलेली आपो-टेलिट ही अतिशय उच्च दर्जाची लेन्सदेखील १३५चीच. गावाला वेस असावी तशी ही मर्यादा. चांगला अभियंता तिच्यापलीकडे सहसा गेला नाही, आणि गेला तो रेंजफाइंडर मागे ठेवून गेला. ही वेस कुणी बांधली, याचं उत्तर त्या कॅमेऱ्याच्या दोन खिडक्यांमध्ये आहे.

त्याआधी टेलिफोटोची थोडी ओळख. लांब नाभीय अंतराची लेन्स आणि टेलिफोटो लेन्स या दोन वस्तू वेगळ्या आहेत, व्यवहारात मात्र आपण दोन्हींना एकच नाव देतो. साधी १३५ मिमीची लेन्स अनंतावर फोकस केली की तिचा प्रकाशीय मध्य फिल्मपासून साधारण १३५ मिमी पुढे असतो. म्हणजे तेवढी लांब नळी आली. खऱ्या टेलिफोटोत पुढे प्रकाश गोळा करणारा बहिर्वक्र भिंगांचा गट आणि मागे तो थोडा फाकवणारा अंतर्वक्र गट असतो. त्यामुळे लेन्सची प्रत्यक्ष लांबी तिच्या नाभीय अंतरापेक्षा कमी ठेवता येते. १८९१च्या सुमारास इंग्लंडमध्ये थॉमस डालमायर आणि जर्मनीत अडॉल्फ मीथे व अडॉल्फ स्टाइनहाइल असे तिघे स्वतंत्रपणे या रचनेपाशी पोहोचले. लायकाची १९३३ची हेक्टर १३५ या अर्थाने टेलिफोटो नव्हे, ती लांब नळीच आहे. १९६५ची टेले-एल्मार मात्र खरी टेलिफोटो. हा भेद जाणकारांच्या तोंडी असतो आणि तो बरोबरही आहे. या प्रकरणात मी रूढ अर्थानेच शब्द वापरतो, कारण फोकसच्या ज्या अडचणीबद्दल बोलायचं आहे ती दोघींनाही सारखीच छळते.

मराठी माणसाच्या हाती टेलिफोटोची ताकद पहिल्यांदा ठळकपणे दिसली ती चित्रपटात. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३मध्ये पुण्याला आली. प्रभातच्या ‘सैरंध्री’ चित्रपटाच्या रंगीत प्रतींसाठी दिग्दर्शक व्ही. शांताराम जर्मनीला गेले होते. तिथून परतल्यावर पुण्याच्या नव्या स्टुडिओत त्यांनी केलेला चित्रपट म्हणजे १९३४चा ‘अमृतमंथन’. त्याच्या हिंदी आवृत्तीत राजगुरू झालेल्या चंद्रमोहनच्या डोळ्याचा पडदा व्यापणारा क्लोजअप प्रसिद्ध आहे, आणि भारतीय चित्रपटात टेलिफोटो लेन्सचा पहिला वापर म्हणून त्याची नोंद होते. तो डोळा पाहणाऱ्याला धाक घालतो. नटाच्या नाकाशी कॅमेरा नेऊन घेतलेल्या क्लोजअपमध्ये चेहरा फुगतो, नाक मोठं होतं. दुरून लांब लेन्सने घेतला की चेहऱ्याची ठेवण शाबूत राहते आणि नजर तेवढी अंगावर येते. शांतारामांना ती नजर हवी होती आणि तिच्यासाठी कोणतं अवजार लागतं हे त्यांनी बरोबर ओळखलं.

पण चित्रपटाच्या सेटवर एक सोय असते. नट ठरल्या जागी उभा राहतो, सहायक फीत लावून अंतर मोजतो, लेन्सवर तेवढा आकडा लावतो. पोळ्यातल्या बैलाला फीत लावता येत नाही. रस्त्यावर, जत्रेत, मोर्च्यात फिरणाऱ्या छायाचित्रकाराला अंतर मोजणारं यंत्र कॅमेऱ्याच्या पोटातच हवं होतं. ते त्याला १९३२ साली मिळालं.

जर्मनीतल्या वेत्झलार गावच्या लाइट्झ कारखान्याने ऑस्कर बारनाकने घडवलेला लायका १९२५मध्ये बाजारात आणला. त्याची ५० मिमीची लेन्स पक्की बसवलेली होती. १९३०पासून लेन्स बदलता येऊ लागली आणि लगेच १३५ मिमीची एल्मारही आली. अंतर मात्र अंदाजाने किंवा वेगळ्या मोजयंत्राने ठरवावं लागे. ५० मिमीला अंदाज चालून जाई, १३५ला नाही. १९३२च्या लायका २मध्ये रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या अंगातच आला आणि लेन्सच्या हालचालीशी जोडला गेला. त्याच वर्षी झाइसने काँटॅक्स आणला. लुडविग बेर्टेलेच्या सोनार रचनेतल्या ८५ आणि १३५ मिमीच्या लेन्स त्याच्यासाठी होत्या. पुढली पंचवीस-तीस वर्षं या दोन घराण्यांची चढाओढ चालली. माझ्या मते या स्पर्धेत काचेच्या बाबतीत झाइस वरचढ होतं आणि यंत्राच्या टिकाऊपणात लाइट्झ.

आता त्या दोन खिडक्या. रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या कपाळावर उजवी-डावीकडे दोन छोट्या काचा असतात. एकीतून सरळ दृश्य दिसतं, दुसरीतून आलेलं दृश्य आतल्या फिरत्या आरशावरून किंवा लोलकावरून पहिल्यावर पडतं. लेन्स फिरवली की दुसरी प्रतिमा सरकते. माणसाच्या दोन कडा एकमेकींवर नेमक्या बसल्या की फोकस लागला. शाळेतल्या भूमितीतला त्रिकोण आहे हा: पाया म्हणजे दोन खिडक्यांमधलं अंतर, शिरोबिंदू म्हणजे समोरचा माणूस. पाया जितका लांब आणि प्रतिमा जितकी मोठी दिसेल तितकं माप अचूक. लायका एम३मध्ये पाया ६८.५ मिमी आणि दृश्य ०.९१ पट, म्हणजे कामाचा पाया सुमारे ६२ मिमी. त्याआधीच्या, लेन्स आट्याने बसणाऱ्या लायकांत पाया फक्त ३९ मिमी होता, पण १९३३पासून दृश्य दीडपट मोठं करून तो ५८.५ मिमीच्या तोडीला आणलेला होता. काँटॅक्स २चा पाया तर ९० मिमीच्या आसपास होता. या आकड्यांवरून त्या काळात छायाचित्रकारांमध्ये कडाक्याचे वाद होत, आणि ते निरर्थक नव्हते.

समोरच्या दोन कडा एकमेकींवर बसल्या की नाहीत हे डोळा किती बारीक ओळखतो? सावधपणे धरू की एक कलेचा फरक, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, सुटून जाऊ शकतो. एम३वर पाच मीटर अंतरावर एवढ्या चुकीने सुमारे साडेअकरा सेंटिमीटर पुढे-मागे फोकस जातो. आता लेन्स किती चूक पोटात घालते ते पाहा. ५० मिमीची लेन्स एफ/४वर पाच मीटरवर अडीच मीटर खोलीपर्यंत स्पष्ट चित्र देते. तिला साडेअकरा सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. १३५ मिमीची लेन्स त्याच एफ/४वर एकूण ३३ सेंटिमीटर देते, म्हणजे अलीकडे-पलीकडे साधारण सोळा. निभावलं. तीच १३५ एफ/२.८ला उघडली तर बाजू राहते साडेअकराची. म्हणजे नेमकी काठावर. आणि २०० मिमीची लेन्स एफ/४.५वर? एका बाजूला जेमतेम साडेआठ. डोळ्याची चूक लेन्सच्या क्षमेपेक्षा मोठी झाली. वेस ओलांडली गेली.

कुणी म्हणेल, मग माणसाला जरा लांब उभा करा, लांबच्या अंतरावर खोली वाढतेच. वाढते खरी. पण इथे भूमिती दार बंद करते. लेन्सची खोली अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि रेंजफाइंडरची चूकसुद्धा अंतराच्या वर्गाच्याच प्रमाणात वाढते. अंतर दुप्पट केलं तर खोली चौपट, चूकही चौपट. दोघांचं नातं जिथल्या तिथे. २०० मिमीची लेन्स पाच मीटरवर हरते ती दहावर आणि वीसवरही हरते. मला हा हिशेब फार आवडतो, कारण तो पुढे ठेवला की १३५ हा आकडा बाजारातून आलेला नाही हे कळतं. तो माणसाच्या डोळ्यातून आणि कॅमेऱ्याच्या रुंदीतून आलेला आहे. कॅमेरा हातभर रुंद केला असता तर वेस पुढे सरकली असती, पण तो कुणी खिशात घातला नसता.

लाइट्झने १९६३मध्ये १३५ची एल्मारिट एफ/२.८ आणली तेव्हा तिच्या डोक्यावर चष्म्यासारखी दोन भिंगं बसवली. ती कॅमेऱ्याच्या खिडक्यांपुढे येतात आणि आतलं दृश्य मोठं करतात. पाहणाऱ्याला ती लेन्स बोजड आणि विचित्र वाटते. पण वरचा हिशेब डोक्यात असेल तर त्या चष्म्याचं कारण लगेच पटतं: एफ/२.८ काठावर होती, कामाचा पाया वाढवून तिला काठावरून आत घेतलं.

दुसरी अडचण लेन्सच्या पाठीमागे आहे आणि ती मला पहिलीपेक्षाही चित्तवेधक वाटते. जुनी १३५ कॅमेऱ्यातून काढून उलटी धरा. मागे, आट्याच्या आतल्या बाजूला, गुळगुळीत धातूची एक कडी दिसेल. फोकसची चक्री फिरवली की ही कडी पुढे-मागे होते. कॅमेऱ्याच्या आत एक छोटा दांडा असतो, त्याच्या टोकाला चाक. ते चाक या कडीवर टेकतं आणि कडी किती सरकली त्यावरून रेंजफाइंडरचा आरसा फिरतो. कॅमेऱ्याला लेन्सबद्दल जे कळतं ते एवढंच.

दांड्याचं माप ५० मिमीच्या लेन्सला धरून ठरवलेलं आहे. लायकात ते नेमकं ५१.६ मिमी. अनंतापासून तीन मीटरपर्यंत यायला अशी लेन्स साधारण ०.९ मिमी पुढे सरकते, आणि कडीही तेवढीच. १३५ मिमीच्या लेन्सला मात्र त्याच प्रवासासाठी ६.४ मिमी पुढे यावं लागतं. सातपट. तरी कॅमेऱ्याचा दांडा ओळखतो तो ०.९ मिमीच. म्हणून लेन्सच्या पोटात वेगवेगळ्या चढाचे आटे कापून अशी रचना करावी लागते की काच ६.४ मिमी सरकली की कडी बरोबर ०.९ मिमी सरकावी, आणि मधल्या प्रत्येक अंतरावर हे प्रमाण सांभाळलं जावं. आता सांगा, कडीत एक पन्नासांश मिमीची चूक राहिली तर? काचेच्या जागेत ती सातपट होऊन ०.१४ मिमी होते. एफ/४वर फिल्मपाशी लेन्स ०.१२ मिमीपर्यंत सवलत देते. म्हणजे ०.०२ मिमीच्या चुकीने सगळं चित्र हातचं जातं. ही लेन्स ज्यांनी लेथवर बसून घासून-पुसून जमवली त्या कामगारांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. काचेच्या रचनाकारांची नावं इतिहासात राहिली. आटे कापणाऱ्यांची राहिली नाहीत, आणि फोकस मिळत होता तो त्यांच्या हातामुळे.

या कडीनेच जुन्या रशियन लेन्सबद्दलचा एक नेहमीचा गोंधळ निर्माण केला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांनी झाइसच्या सोनारवरून ज्युपिटर-९ म्हणजे ८५ मिमी एफ/२ आणि ज्युपिटर-११ म्हणजे १३५ मिमी एफ/४ या लेन्स काढल्या. कीव्ह कॅमेऱ्यासाठी त्या काँटॅक्सच्या बैठकीत, आणि झोर्की-फेड कॅमेऱ्यांसाठी लायकाच्या ३९ मिमीच्या आट्यात. ज्युपिटर-११ हातात घेतली की चार भिंगांची ही लेन्स आपल्या वयापेक्षा ताजी वाटते. पुढच्या काचेवर निळसर-जांभळी झाक असते. ती परावर्तन कमी करणाऱ्या लेपाची, ज्याचं तंत्र झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुलाने १९३५मध्ये विकसित केलं. भरपूर पात्यांचं ॲपर्चर जवळजवळ गोल मिटतं, त्यामुळे मागच्या दिव्यांचे ठिपके मऊ उमटतात. किंमतही लायकाच्या मानाने फार कमी. म्हणून लोक ती लायकावर चढवतात. आटा बरोबर बसतो. दूरचं झाड लख्ख येतं. जवळचा चेहरा मात्र दर वेळी पुसट, आणि दोष लेन्सच्या काचेला मिळतो.

काच निर्दोष आहे. रशियनांनी आटा लायकाचा घेतला, पण आतलं प्रमाण झाइसच्या ५२.४ मिमीचं ठेवलं. अनंतावर दोन्ही प्रमाणं एकच आकडा देतात. दहा मीटरवर कडीतला फरक ०.००८ मिमी, सातपट करून ०.०६, सवलतीच्या आत. तीन मीटरवर तो ०.०२८ होतो, सातपट करून जवळपास ०.२. सवलत संपली. हीच लेन्स झोर्कीवर लावा, चेहरा काटेकोर येईल. लायकावरच वापरायची असेल तर एफ/८पर्यंत मिटवा, तिथे सवलत ०.२४ मिमी होते आणि फरक झाकला जातो. रशियन माल म्हणजे कच्चा माल, असं सरसकट बोललं जातं. काही वेळा ते खरंही असतं. पण या एका बाबतीत तो आरोप अन्यायाचा आहे.

रेंजफाइंडरच्या अशा लांब लेन्सनी जगाचं लक्ष कसं वेधलं त्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. १९५० साली ‘लाइफ’ मासिकाचा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होता. जून मिकी या तरुण जपानी छायाचित्रकाराने ८५ मिमीच्या निकॉर लेन्सने त्याचा फोटो काढला. प्रिंट पाहून डंकन चकित झाला. त्या काळी जपानी माल म्हणजे नक्कल अशीच समजूत होती. तो निकॉर बनवणाऱ्या निप्पोन कोगाकूच्या कारखान्यात गेला, लेन्स तपासून पाहिल्या आणि आपल्या लायकांवर निकॉर चढवल्या. जूनच्या शेवटी कोरियात युद्ध पेटलं. तिथून त्याने पाठवलेल्या चित्रांची धार पाहून न्यूयॉर्कमध्ये चौकशी सुरू झाली आणि डिसेंबर १९५०मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जपानी कॅमेऱ्यांवर लेख छापला. एका मध्यम लांबीच्या लेन्सने काढलेला एक चेहरा, आणि एका देशाच्या उद्योगाकडे पाहण्याची जगाची नजर फिरली.

वेशीपलीकडे जाणारे होतेच. झाइसची १८० मिमी एफ/२.८ सोनार १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकशी जोडली जाते, तिला ऑलिंपिया-सोनार म्हणूनच ओळखतात. लाइट्झची २०० मिमीची टेलिट १९३५ची. ती कॅमेऱ्याला थेट लावत नसत, मध्ये आरसा असलेली एक पेटी जोडत. त्या पेटीतल्या दुधी काचेवर लेन्सने पाडलेली प्रतिमा प्रत्यक्ष दिसे. म्हणजे लांब जायचं ठरवलं की रेंजफाइंडर बाजूला ठेवून लेन्समधूनच पाहावं लागे. एकदा हे कबूल केल्यावर पेटी वेगळी कशाला? आरसा कायमचा आत असलेले कॅमेरे आले, १९५९च्या निकॉन एफने व्यावसायिकांना आपलंसं केलं, आणि काळवीट, वाघ, क्रिकेट हे सगळं त्या कॅमेऱ्यांकडे गेलं.

रेंजफाइंडरकडे राहिली माणसं, आणि माणसांसाठी १३५ला आजही तोड नाही. कारंज्याच्या जुन्या तटाची दिल्ली वेस घ्या. वेशीपुढे दहा मीटरवर एक बाई टोपली घेऊन उभी आहे. ५० मिमीच्या लेन्सने दहा मीटरवरून फोटो काढला तर ती दहा मीटरवर आणि वेस वीस मीटरवर. आता १३५ लावा आणि मागे जाऊन बाईपासून २७ मीटरवर उभे राहा. बाईचा आकार फिल्मवर तेवढाच राहतो. पण वेस आता ३७ मीटरवर आहे आणि ती आधीपेक्षा जवळपास दीडपट मोठी उमटते. दगडी कमान बाईच्या पाठीशी येऊन उभी राहते. लोक याला लेन्सचा परिणाम म्हणतात. खरं तर सगळी किमया मागे सरकलेल्या पावलांची आहे. १३५ची चौकट तुम्हाला तेवढं मागे जायला लावते.

आणि चौकटीबाहेरही दिसत राहतं, हे रेंजफाइंडरचं सुख वेगळंच. एम३च्या खिडकीत १३५ लावली की मध्यभागी एक छोटा उजळ आयत उमटतो. त्याच्या आत फोटो, बाहेर सगळी गल्ली. झडती म्हणणाऱ्याकडे डावीकडून कोण येतंय, बैल मान कधी वळवणार, हे चौकटीत शिरायच्या आधीच कळतं. आरशाच्या कॅमेऱ्यात १३५ लावली की पाहणारा एका अरुंद नळीत अडकतो, आणि नेमक्या बटण दाबायच्या क्षणी आरसा वर जाऊन अंधार होतो. रेंजफाइंडरमध्ये तो क्षण डोळ्यांदेखत घडतो. छोट्या चौकटीत बारीक पाहावं लागतं, डोळ्याला ताण येतो, हे मान्य. मी तरीही हाच सौदा पत्करीन.

आज अशी लेन्स विकत घेणाऱ्याने आधी तिच्यातून उजेडाकडे पाहावं. आपल्या पावसाळ्यात बंद कातडी पाकिटात ठेवलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते, भिंगाच्या कडेपासून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. वरवरची असेल तर जाणता कारागीर पुसून काढतो, काचेत खोल गेली असेल तर डाग राहतो. विदर्भातला उन्हाळा उलट त्रास देतो. जुनं ग्रीस पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर उतरतं आणि आतल्या काचेवर धुरकट थर बसतो. त्या थराने चित्राचा ठसा जातो, आणि घेणारा समजतो की लेन्सच फिकट आहे. लेन्स कातड्यात ठेवू नये, सिलिका जेलची पुडी घालून हवाबंद डब्यात ठेवावी. बिनआरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर या लेन्स साध्या अडॅप्टरने बसतात, तिथे पडद्यावर फोकस थेट दिसतो आणि मागची ती कष्टाने कापलेली कडी बिनकामाची होते.

फिल्मवरच वापरायची असेल तर रोल घालण्याआधी एक तपासणी घरी होते. झोर्की-४, फेड-२ किंवा कीव्हसारखा पाठ निघणारा कॅमेरा हवा. पाठ काढा, फिल्म जिथून सरकते त्या दोन पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवा, शटर ‘बी’वर उघडं ठेवा, लेन्स पूर्ण उघडा. आधी रात्री चंद्रावर रोखा. रेंजफाइंडरमध्ये दोन चंद्र एक झाले की कागदावरचा चंद्रही भिंगाखाली धारदार दिसला पाहिजे. मग तीन मीटरवर एक मोजपट्टी तिरकी ठेवून मधल्या आकड्यावर रोखा. चंद्र चुकला आणि लेन्सची चक्री ‘अनंता’च्या खुणेवर असतानाही कागदावर तो धारदारच असेल, तर लेन्स ठीक आहे, कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर सरकलेला आहे, आणि तो एका स्क्रूने जमतो. त्या खुणेवर कागदावरचा चंद्रच पुसट असेल तर लेन्सच्या भिंगांचा गट आपल्या जागी नाही. त्याच्यामागे पातळ धातूच्या चकत्या असतात, आधीच्या कुणी लेन्स उघडून जोडताना त्यातली एखादी गाळलेली असू शकते. चंद्र बरोबर आणि मोजपट्टी चुकली, तर दोष कडीच्या चढात आहे. अशी लेन्स लांबच्या दृश्यांना ठेवावी, किंवा एफ/८वर वापरावी.